कुरतडलेला खडू

दि. ९ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय ढब्बूस,

आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बोटीच्या ऑफिसातून आलं तेव्हा मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसले होते. मी खुशाल आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, शिलाई मशीनही कुरकुरतं. दोघांना एकाच बाटलीतलं तेल लावते.

तू लिहिलंस की सूनबाई फोनवर तुझ्याशी धड बोलत नाही, तेव्हा ती कुठे जाते-येते ते जरा बघ, पण तिला कळू देऊ नकोस. म्हणून हे पत्र. फोनवर असलं बोलता येत नाही. दुकान आणि घर यांच्यामध्ये एवढा एक पडदा, आणि बायको तुझी कानाने तिखट.

खरं सांगायचं तर तू लिहीपर्यंत मला काहीच दिसत नव्हतं. आता दिसायला लागलंय, आणि दिसायचं थांबत नाही.

आधी खडूचं सांगते. कापड आखायचे माझे चपटे खडू भराभर संपतात. एका तुकड्याच्या कडेला दातांच्या खुणा होत्या, म्हणून उंदीर समजून पिंजरा लावला आणि आमिष म्हणून आत खडूच ठेवला. सकाळी खडू गायब, पिंजरा जसाच्या तसा. दार अलगद उचलून धरणारा उंदीर मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे नेते तीच. पण कोणासाठी? चोरून दुसऱ्या शिंप्याकडे काम धरलंय की काय, असंही मनात येऊन गेलं.

बाथरूममध्ये जाते ती नळ सोडून बसते. मी दाराशी कान लावला. आतून बोलण्याचा आवाज येत नाही, म्हणजे कुजबुजत असणार.

कामात तर लक्षच नाही. चार काजं केली की मशीनवर डोकं टेकते. जिना चढताना मध्येच थांबते आणि चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करते. चेहरा अस्तराच्या कापडासारखा फिका. माणूस उगाच इतकं दमत नाही.

आणि गोळ्या. अशक्तपणाच्या म्हणून लोहाच्या तपकिरी गोळ्या घेते, हे मला माहीत होतं. परवा एका कोटासाठी बरणीतून तपकिरी बटणं काढली, तर एका बटणाला भोकच सापडेना. चष्मा लावून पाहिलं, गोळी होती. तशा बऱ्याच निघाल्या. गोळ्या लपवणारं माणूस आणखी काय काय लपवत असेल? आता मी समोर उभी राहून गिळायला लावते आणि तोंड उघडून दाखवायला लावते. तेव्हापासून ती बाथरूममध्ये जास्तच वेळ असते. रुसून, दुसरं काय.

दर गुरुवारी दुपारी दोरे आणायला म्हणून जाते. परत येते तेव्हा दोरे नसतात, आणि गेल्या वेळी बाहीच्या आत कापूस चिकटवलेला दिसला. मी विचारलं तर म्हणाली, सुई लागली. शिवणाऱ्या बाईला कोपरात सुई लागते होय?

कुठेतरी पाणी मुरतंय. परवा गुरुवारी मी मागोमाग जाणार आहे. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

डोळ्यांत तेल घालून बसलेली,
तुझी आत्या


दि. १२ सप्टेंबर, शुक्रवार

ढब्बू,

आशीर्वाद शेवटी देईन.

काल तिच्या मागे गेले. मी कुठली लपणार? विजेच्या खांबामागे अर्धीच मावते. ती मोठ्या दवाखान्यात शिरली, वरच्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत गेली. तिथे पाठ टेकायच्या खुर्च्यांची रांग आहे. मी जिना चढून, धापा टाकून पोचले तोवर ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती. हाताला नळी, वर टांगलेली पिशवी, आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.

मला बघून दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "या आत्या. खांबामागून निघालात तेव्हाच पाहिलं मी. बसा, अजून थोडा वेळ लागेल."

बसले. पण मी गप्प बसणारी आहे का? नर्सबाई आली तशी तिला धरलं. पिशवीवरची चिठ्ठी वाचायला मागितली. आत लोह आहे म्हणाली. लोह गोळीतही असतं, मग नळी कशाला? माणसाला घाबरवून खुर्चीत बसवायचा हा धंदा तर नाही? असं तोंडावर विचारलं मी. तिला राग आला नाही. चिकटपट्टी सारखी करता करता तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते.

सूनबाईच्या मोठ्या आतड्याला सूज आहे आणि आत जखमा आहेत. जुनाट दुखणं आहे, उठतं-बसतं, अंगाबरोबरच राहतं. त्या जखमांतून रक्त जातं, म्हणून अंगातलं लोह उतरतं. बरं, गोळ्यांनी भरून काढावं, तर सूज चढलेली असताना शरीर गोळीतलं लोह नीट घेतच नाही, आणि पुष्कळांचं पोट आणखी बिघडतं. हिचं बिघडत होतं. म्हणून शिरेतून द्यायचं. सुजेचं औषध वेगळं चालू आहे, तेही सोडायचं नाही. खिशाला भोक असताना नुसतं आत टाकत राहून काय उपयोग, भोकही शिवायला हवं, एवढं मला कळतं.

जाता जाता नर्सबाईने तिला विचारलं, खडू-बिडू खावासा वाटतो का अजून? लोह फार उतरलं की होतं म्हणे तसं काहींना. सूनबाई माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. मग दोघींना एकदमच हसू आलं. पिंजऱ्यातला खडू काढताना बोट चेंगरलं होतं म्हणाली.

मी म्हटलं, अगं, मला सांगायचं नाहीस का?

तर म्हणाली, "यांना सांगितलं होतं. बोटीवर जायच्या आधी रिपोर्ट हातात दिले होते."

तू काय म्हणालास, तेही तिने सांगितलं. गोळ्या घे, दवाखान्यात नळी लावून बसायचं नाही, ओळखीचं कोणीतरी बघतं. आत्याला सांगायचं नाही, लग्न तिने जमवलंय, तिच्या जिवाला लागेल.

माझ्या मनात पाल चुकचुकत होती ती अजून थांबलेली नाही, ढब्बू. तिने फक्त भिंत बदलली. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं आणि उसवायच्या कपड्यासारखं उलटंसुलटं करून पाहिलं. ती कुठे जाते, किती वेळाने येते, कोणाशी बोलते, सगळं विचारलंयस. तब्येतीचा एक शब्द नाही. आजार ठाऊक असून तो मला सांगितला नाहीस आणि पहारा मात्र सांगितलास. मग तुला बघायचं काय होतं? ती बरी होते आहे का, की तुझं ऐकते आहे?

मी तुला लहानाचा मोठा केला. तू असं का केलंस, हे मला ओळखता यायला हवं. येत नाही. घाबरलास म्हणून असेल तर तसं लिही, मी समजेन. दुसरं काही मनात असेल, तिला परत पाठवायला कारण हवं असेल, तर ते मी तुला पुरवणार नाही.

एक गोष्ट राहिली. बसमध्ये मी तिला विचारलं, मी समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावत होते, तुझ्या पोटात कळा येत होत्या, तेव्हा तरी बोलायचंस. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, यांनीच तुम्हाला तसं सांगितलं असेल."

एवढंच म्हणाली. माझंही तिकीट तिनेच काढलं.

गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्यात. शिरेतून आणखी काही वेळा द्यायचं, मग रक्त तपासून बघायचं. दर गुरुवारी दुपारी दुकान बंद राहील, तशी पाटी मी काल खडूनेच लिहिली. मी तिच्याबरोबर जाणार. अडवायचं असेल तर मला अडव.

पुढचं पत्र तिच्या नावाने घाल. मी फोडणार नाही आणि वाचून दाखव असंही म्हणणार नाही. त्यात तू पहिली चौकशी कशाची केलीस, ते मला तिच्या तोंडावरून कळेल.

आशीर्वाद राखून ठेवला होता तो आता देते. सुखरूप राहा.

सध्या तिची,
आणि ते पत्र आलं की पुन्हा तुझीही,
आत्या