पाय गार पडतात का?

आई,

इथूनच पाया पडते. मी मजेत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

माझं काम विचारत होतीस. कॅन्सरच्या वॉर्डात खाटेखाटेशी जाऊन पेशंटना विचारायचं, इथे काही खुपतं का, आणि फॉर्म भरायचा. त्यावरून हॉस्पिटल सुधारणार. पण सगळे पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे! अगदी आपले बाबा. सलाईन चालू असताना डॉक्टरांनी विचारलं की यांचं आपलं "उत्तम!" तू मात्र काही न विचारता पांघरुणात हात घालायचीस. "पाय बर्फ झालेत, आणि म्हणे उत्तम!"

गेल्या महिन्यात एकदा मी फॉर्म बाजूला ठेवला आणि एका आजोबांना विचारलं, "पाय गार पडतात का?"

ते म्हणाले, "रोजच. पण एवढ्याशासाठी कुणाला हाक मारायची?"

त्या दिवशी अकरा जणांनी तेच सांगितलं. आता फॉर्मवर तुझ्यावरून सुचलेला हाच प्रश्न पहिला आहे, आणि प्रत्येक खाटेवर एक जास्तीचं पांघरूण.

बाबांचे लोकरी मोजे अजून कपाटात आहेत का? असले तर पाठव. वर 'मजेत' लिहिलंय खरं, पण तुझा हात काही इथवर पोचत नाही.

तुझी धाकटी