मेधाला धीर द्यायला

११ जून २०१७, रविवार. वॉटरफोर्ड, आयर्लंड.
पोचलो. विमानात झोप उत्तम. डब्लिनला जावई घ्यायला आला होता. गाडीत अभिजित फारसा बोलला नाही, मीही नाही. समजूतदार मुलगा आहे.
मेधा दारातच गळ्यात पडली. बराच वेळ सोडेना. तिच्या खांद्यावरून दारावरची वायरिंग बघून घेतली. ठीक आहे.
इथे येण्याचा हेतू एकच. फेब्रुवारीतल्या प्रकारापासून मेधा खचली आहे. आई जाणं म्हणजे मुलीला धक्काच. फोनवर आवाज बारीक येतो. ती मुळात हळवी, आईच्या वळणावर गेलेली. मी तसा नाही. उभी हयात वीज मंडळात गेली. वादळात अर्धा नाशिक जिल्हा अंधारात असताना डोकं शांत ठेवणारा कार्यकारी अभियंता म्हणून माझं नाव होतं. तेव्हा मेधाला धीर देणं हे माझं काम. चार शब्द नीट बोललं की मोकळी होईल.
आल्याआल्या नको. उद्या बोलतो.

१३ जून, मंगळवार.
काल प्रवासाचा शीण. आज वेळापत्रक आखलं. पहाटे फिरणं, मग व्यायाम, नात शाळेतून आली की तिला तासभर मराठी, संध्याकाळी मेधाशी बोलणं.
पहाटे जाग आली नाही. भार्गवी आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये, तेही इथल्या हेलात. तिला बाराखडीची गरज समजावून सांगितली. 'यू'र ग्रँड, आजोबा,' म्हणाली आणि सायकल घेऊन गेली. ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे राहू दे.
संध्याकाळी मेधाशी बोलणार होतो, तेवढ्यात खुर्चीत डोळा लागला.

१७ जून, शनिवार.
शेजाऱ्याची ओळख झाली. पॅट पॉवर. साधारण माझ्याच वयाचा, एकटा राहतो. आडनाव पॉवर! वीज मंडळातल्या माणसाला असा शेजारी मिळावा.
तो हिरवळ कापत होता. मशीनचा प्रचंड आवाज. मी बाहेर आलो तसं त्याने मशीन बंद केलं, टोपी काढली, कुंपणावरून माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, सॉरी फॉर युवर ट्रबल.
सभ्य माणूस. एवढ्याशा आवाजाबद्दल कोण माफी मागतं? मी म्हणालो, नो ट्रबल ॲट ऑल, प्लीज कंटिन्यू.
तो माझ्याकडे बघतच राहिला. बहुधा माझं इंग्लिश त्याला झेपलं नाही.

२२ जून, गुरुवार.
मेधावरचा कामाचा भार कमी करायचं ठरवलं. दु:खी माणसाला घरकाम लावू नये. नाश्ता मी करणार. पोहे कुठे असतात, विचारलं. भार्गवी म्हणाली, इन द प्रेस. इस्त्रीच्या टेबलाभोवती खूप शोधलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.
पोहे झाले. चव नाही. इथल्या मिठाचा दोष. नंतर भार्गवी तोंड वाकडं करून तीन ग्लास पाणी प्यायली तेव्हा कळलं की मीठ दोनदा पडलंय. मला लागलं नाही.
दुपारी पाणी तापवायच्या यंत्रणेत लक्ष घातलं. इमर्शन म्हणतात. ते चालू राहिलं की या देशात विजेच्या बिलाच्या धास्तीने लोकांच्या काळजाचा ठोका चुकतो. टायमर मी माझ्या पद्धतीने लावून दिला. संध्याकाळी अभिजित डोक्याला शाम्पू लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून जिन्यात उभा. पाणी बर्फ. काही बोलला नाही. समजूतदार मुलगा आहे.
या गडबडीत मेधाशी बोलणं राहिलं.

२९ जून, गुरुवार.
जेवताना पॉवरची गोष्ट सहज निघाली. मेधाने घास खाली ठेवला. म्हणाली, बाबा, इथे कोणी गेलं की सांत्वनाला हेच म्हणतात. सॉरी फॉर युवर ट्रबल. त्यांना आईचं माहिती आहे. गेल्या वर्षी आई आली होती तेव्हा त्यांच्या बागेतला पुदिना आणायची रोज.
मी विचारलं, मग मी त्याला काय म्हणालो असं झालं?
मेधा म्हणाली, तुम्ही म्हणालात, काही त्रास नाही, चालू द्या.
आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. उठून बेसिनपाशी गेली. बघा, किती हळवी.
हाच क्षण होता खरं तर. पण भात गार होत होता.
तिच्या पुदिन्याचं मला काहीच माहीत नव्हतं. चटणी केली, एवढं मात्र फोनवर रोज सांगायची.

८ जुलै, शनिवार.
सगळे ट्रॅमोरला समुद्रावर. मेधाचं मन रमावं म्हणून मी होकार दिला. पाण्यात आपणही उतरायचं असं आदल्या दिवशी ठरवलं होतं. उत्साही माणूस पाहिला की इतरांनाही उत्साह येतो.
बाकावर बसलो. ऊन, वारा, लाटा, लोक आइस्क्रीम खातायत. सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं. उठावंसं वाटलं नाही, बसावंसंही नाही. भार्गवी ओल्या पायांनी शेजारी येऊन बसली. विचारलं, आर यू सॅड, आजोबा? मी म्हणालो, छे, मी निरीक्षण करतोय. कशाचं, म्हणाली. किनाऱ्यावरचे दिव्याचे खांब दाखवले. तिने ते नीट पाहिले आणि तिचं अर्धं आइस्क्रीम मला दिलं.
कुठल्या चवीचं होतं आठवत नाही.
बाकी मेधाची काळजी वाटते. घरी येताना आरशातून सारखी माझ्याकडे बघत होती. आधार शोधत असणार.

१४ जुलै, शुक्रवार.
महत्त्वाचा शोध. मेधा बाजारातून आली की लगेच घरात येत नाही. गाडी बंद करून आत बसून राहते. आज खिडकीतून पाहिलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवलं होतं. मग चेहरा पुसून, पिशव्या घेऊन, हसत आत आली.
आता टाळण्यात अर्थ नाही. चहा घेताना विषय काढायचा असं पक्कं केलं. पण तिनेच काढला. म्हणाली, बाबा, आईचं कपाट अजून तसंच आहे का? मी म्हणालो, हो. तुम्ही उघडलंत का एकदा तरी? मी म्हणालो, त्या कपाटाचं बिजागर सैल आहे. ती म्हणाली, बाबा, मी बिजागराबद्दल विचारत नाहीये. मग मी बिजागर का सैल होतं ते तिला समजावून सांगितलं. बराच वेळ बोललो. ती ऐकत होती.
एकंदरीत संवाद सुरू झाला, हे चांगलं. पुढच्या वेळी मुद्द्यावर येतो.

१९ जुलै, बुधवार.
मेधाने डॉक्टरची वेळ घेतली होती. सोबत चला म्हणाली. शेवटी तिने स्वत:हून मदत घेतली, बरं वाटलं.
डॉक्टरीण तरुण, बोलण्यात मऊ. पण जरा गोंधळलेली. मेधाला सोडून सगळे प्रश्न मलाच. मीही वडील या नात्याने उत्तरं दिली. झोप? म्हटलं, उत्कृष्ट, रात्री आणि दुपारीसुद्धा. भूक? म्हटलं, भाज्यांना चव असेल तर भूक लागेल ना. कशात रस वाटतो? म्हटलं, मी रिटायर्ड आहे. मग विचारलं, पत्नी गेल्यावर रडू आलं का. म्हटलं, वेळच नव्हता. ॲम्ब्युलन्स, दाखला, गुरुजी, पाहुण्यांची सोय, सगळं मी एकट्याने पाहिलं, कुठेही गडबड झाली नाही, लोकांनी नाव काढलं.
 मेधा खिडकीबाहेर बघत होती.
निघताना डॉक्टरीणबाईंनी एक कार्ड दिलं. जवळचं माणूस गमावलेले लोक दर गुरुवारी चर्चमागच्या हॉलमध्ये भेटतात, तिथलं. कार्ड दिलं माझ्या हातात. पुढची तपासणीही माझ्या नावाने लिहिली. हा गोंधळ मी घरी आल्यावर मेधाच्या लक्षात आणून दिला.
ती म्हणाली, आपण दोघं जाऊ. मी म्हणालो, जरूर. मी सोबत येईन.

२७ जुलै, गुरुवार.
हॉलमध्ये गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा, बिस्किटं. प्रत्येकाने आपलं नाव आणि कोण गेलं ते सांगायचं. एका बाईंचा भाऊ. एका पोराचे वडील. पॅट पॉवरही तिथे! कुणाच्या तरी सोबतीला आला असणार, असं वाटलं. तर त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, माय रीटा, अकरा वर्षं झाली. मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, सगळ्यांसमोर, आणि बिस्किट खाल्लं.
माझी पाळी. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि मी मुलीबरोबर आलोय असं सांगितलं. लोकांनी मान डोलावली.
मेधा म्हणाली, माझी आई. सुलेखा तिचं नाव. एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा ढवळला. त्यात साखर घातली नव्हती.
बाहेर आल्यावर पॉवरने माझ्या पाठीवर हात ठेवला. काही बोलला नाही. या वेळी मीही 'प्लीज कंटिन्यू' म्हणालो नाही.

५ ऑगस्ट, शनिवार.
उद्या निर्णायक दिवस. इथे जुन्या रेल्वेलाइनवर आता सायकलचा रस्ता केला आहे. ग्रीनवे. वॉटरफोर्डपासून समुद्रापर्यंत अख्खा पार करायचा माझा मूळ बेत होता. पॉवरने स्वत:ची सायकल दिली. घरासमोर एक चक्कर मारून पाहिली. बेतात किंचित सुधारणा: वाटेतल्या ड्युरो गावापर्यंत गाडीने जायचं, तिथे बोगदा आहे, तेवढाच करायचा.
बोगदा उत्तम. आडोसा, शांतता, कोणी चेहरा बघत नाही. अभिजित आणि भार्गवी पुढे जातील. मी मेधाबरोबर मागे राहीन आणि बोलेन. वाक्यं तयार केली आहेत. मेधा, तुझी आई कुठेही गेलेली नाही. ती आपल्यात आहे. धीर सोडू नकोस. मी आहे ना. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. आवाज खणखणीत.
रडायला लागली तर द्यायला एक धुतलेला रुमाल खिशात.

६ ऑगस्ट, रविवार.
ठरल्याप्रमाणे ते दोघं पुढे गेले. बोगद्याच्या तोंडाशी भिंतीवर नेचे उगवलेले, छतातून पाणी ठिबकत होतं. आत गारवा. दिव्यांमधलं अंतर जास्त ठेवलंय, प्रकाश पुरत नाही. मेधाला ते सांगितलं. ती हो म्हणाली.
मध्यावर आलो. सायकलवरून उतरलो. तीही उतरली. मी घसा साफ केला. म्हणालो, मेधा, तुझी आई.
पुढचं वाक्य आलं नाही. पाठ होतं. आलं नाही.
तेवढ्यात कोणीतरी रडतंय असं ऐकू आलं. मोठ्याने, एखादं जनावर ओरडावं तसं. बोगद्यात घुमत होतं, कुठून येतंय कळेना. मला वाटलं, मेधा. शेवटी मोकळी झाली. मी रुमाल काढला आणि तिच्यापुढे धरला. तर ती रडत नव्हती. तिची सायकल खाली पडली होती आणि तिने माझे दोन्ही दंड धरले होते. म्हणत होती, बाबा, असू दे, बाबा, असू दे.
आवाज थांबेना. मी तो थांबवायचा प्रयत्न केला. एक सायकलवाली बाई थांबली. विचारलं, इज ही ऑल राइट, लव्ह? मेधाने सांगितलं, माय मम डाइड. बाई म्हणाली, ओह गॉड, सॉरी फॉर युवर ट्रबल. माझ्याकडे बघून म्हणाली. मी थँक यू म्हणालो बहुतेक.
मग आम्ही भिंतीशी बसलो. खाली ओलं होतं. मी म्हणालो, ती मला हाक मारून गेली, मी पेपर वाचत होतो, आलो म्हणालो, आणि आलो तेव्हा. मेधा म्हणाली, माहितीये बाबा. मग तीही रडली. रुमाल एकच होता.
भार्गवी परत शोधत आली. आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. म्हणाली, घरी चला.
भाषण राहिलं.

७ ऑगस्ट, सोमवार.
इथे सुट्टी आहे. उठलो तेव्हा उन्हं वर आली होती. डोळे सुजलेत. गुडघा दुखतोय.
वेळापत्रक केलं नाही.
खाली आलो. मेधा ओट्यापाशी होती. तिने विचारलं, बाबा, बरं आहे का?
नाही, म्हणालो.
ती म्हणाली, मलाही नाही. आणि शेजारची खुर्ची ओढली.