नव्वदच्या पुढची थरथर

२६ ऑक्टोबर, रविवार
गाडी सेकंडहँड, पण दिसायला नवी. गेल्या आठवड्यात भीमाशंकरला जाताना शिनोलीच्या पुढे ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली. उपाय मीच शोधला. उसाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात. वजन राहतं, पकड राहते. ट्रॅक्टरला चालतं तर कारला का नाही? आज मागच्या दोन्ही टायरांत अर्धी अर्धी बादली पाणी भरलं. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय, उगाच नाही. कोणाला सांगायचं नाही. लोक लगेच नक्कल करतात. बादली उज्ज्वलाने धरली होती, पण बायकोला माहीत असणं धरायचं नसतं.

३१ ऑक्टोबर
हायवेला ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते. नव्वदला आरसे हलतात, माझे दात वाजतात. साठला एकदम लोणी.
निदानाची पद्धत ठरवली. गाडीतून एकेक संशयित बाहेर काढायचा आणि नव्वद गाठायचे. थरथर थांबली की तोच आरोपी.
मुदत ३० नोव्हेंबर. मोहिनीचं लग्न, शिनोलीला, मुलाकडे. व्याही म्हणाले, नवरीला आमी गाडी पाठवतो. मी म्हणालो, आमची पोरगी राजुरीहून बापाच्या गाडीतून येईल. मोहिनी हरखली. "पप्पा, मला तुमच्याच गाडीतनं जायचंय," म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. या पोरीसाठी काय वाटेल ते करीन.
उज्ज्वला म्हणाली, "अवं, आधी त्या टायरातलं पाणी काढा." बाईमाणूस. यंत्रातलं काय कळणार?

४ नोव्हेंबर
स्टेपनी, जॅक, मॅट, मेव्हण्याने दिलेले स्पीकर काढले. थरथर आहे. डॅशबोर्डवरचा खंडोबा काढला. आधी माफी मागितली. थरथर आहे. खंडोबा निर्दोष.

८ नोव्हेंबर
नारायणगावला व्हील बॅलन्सिंग. एकाच चाकाला मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. असल्या मशीनवर धंदा करतात! मालक म्हणाला, "सर, टायरात काय घातलंय का?" मी म्हणालो, हवा. खोटं नाही. हवाही आहे. त्याला चार शब्द सुनावून निघालो.

१४ नोव्हेंबर
उज्ज्वलाचं वजन अलीकडे वाढलंय. तेही सगळं डाव्या बाजूला बसतं. पत्रिका वाटायला मंचरला निघालो होतो. कळंबच्या फाट्यावर तिला उतरवलं. म्हटलं, थोडं पुढे जाऊन बघतो, लगेच येतो. "माझं गुडघं दुखत्यात, ऊन लई हाय," म्हणाली. शास्त्राला ऊन-पाऊस नसतो.
थरथर आहे. म्हणजे उज्ज्वलाही निर्दोष. तिलाच बरं वाटलं असतं ऐकून.
मंचरला मिसळ खाल्ली. परत येताना विचारात होतो, कळंब कधी मागे पडलं कळलंच नाही. घरी चहा मिळेना तेव्हा आठवलं. तिचे फोन येऊन गेले होते, पण गाडी चालवताना मी फोन घेत नाही. नियम म्हणजे नियम.
ती परस्पर भावाकडे गेली, पारगावला. लग्नघर सोडून माहेरी! लोक काय म्हणतील याचा विचार नाही.

२२ नोव्हेंबर
मेव्हणा रामनाथ आला. "दाजी, तायडीचं गुडघं सुजल्यात." मी विचारलं, मग तिच्याशिवाय बस्ता कोण आवरणार? त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. उद्धट.
मोहिनी म्हणाली, "पप्पा, आपण साठनं जाऊ ना. मला काय घाई न्हाई." तिला समजावलं की प्रश्न वेगाचा नाही, तत्त्वाचा आहे. पोरगी रडली. सासरी जायच्या विचाराने असणार.

३० नोव्हेंबर, सकाळ
गाडीला झेंडूच्या माळा. उज्ज्वला रामनाथच्या जीपमधून परस्पर शिनोलीला जाणार. मोहिनीलाही बोलावत होते. ती म्हणाली, "मी पप्पांना शब्द दिलाय." माझी मुलगी! आज थरथरीचा निकाल लावतोच.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
सविस्तर लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट राहील.
नारायणगाव सोडल्यावर नव्वद गाठले. थरथर. मोहिनीच्या मुंडावळ्या हलत होत्या. तेव्हा लक्षात आलं, आता गाडीत संशयित एकच. शालू, दागिने, वजन आलंच. कळंबच्या फाट्यावर तिला उतरवलं. म्हटलं, दहा मिनिटं. ती शालू सावरून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. ऐन वेळी रुसायचं ही आईची सवय.
तिच्याशिवायही थरथर होतीच. खात्रीसाठी दोनदा तपासलं. परत आलो तर फाट्यावर फक्त एक उसाचा रसवाला. म्हणाला, "नवरी व्हय? मामाला फोन लावला तिनं, त्यो जीप घिऊन आला अन् घिऊन गेला. लई रडत व्हती."
शिनोलीला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. कन्यादान रामनाथने केलं. माझ्या जागेवर, माझ्या पाटावर. थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं?
मोहिनी पाया पडली. वर पाहिलं नाही. मी सांगितलं, बाळ, तुझा दोष नव्हता, सिद्ध झालं. जावई आदेश तिचा हात धरून तिला घेऊन गेला.
उज्ज्वलाला म्हणालो, चल घरी. ती म्हणाली, "माझ्या वजनानं तुमची गाडी थरथरती. तुमी जावा." रामनाथच्या जीपमध्ये पुढे डाव्या बाजूला बसली. हायवेला माझ्या बाजूने पुढे गेले. शंभरच्या वर असणार. आत काही हलताना दिसलं नाही.
येताना गाडीत मी एकटा. नव्वदला थरथर तशीच. पद्धतीप्रमाणे आता संशयित मीच उरतो, पण मी उतरलो तर चालवणार कोण? पद्धतीलाही मर्यादा असतात.
मला वाटतं मागे वजन कमी पडतंय. उद्या टायरांत आणखी पाणी भरतो. बादली सगळीकडे शोधली. कुठे ठेवलीय ते उज्ज्वलालाच माहीत.