अकरा नंबरच्या खाटेवरची सिस्टर

सॉल्ट लेक, कोलकाता
शुक्रवार दुपार

ती. उषाआत्या,

आधी तुझ्या गुडघ्यांना आणि मग तुला वैदेहीचा साष्टांग नमस्कार. तू पाठवलेलं लोणचं पोचलं. (दुकानाचं लेबल सोललंस, पण डिंक राहिलाय.) तुझा जावई श्रीकांत मजेत, बँकेत. मी ठणठणीत. आता मुद्द्याचं. माझ्याविरुद्ध आईने तुला काही कळवलं असेल, तर ते सगळं खरं आहे आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

झालं असं, की आमच्या हॉस्पिटलने डॉक्टर-नर्सेससाठी तणावमुक्ती शिबीर ठेवलं. सक्तीचं. (सक्ती नसती तर तणाव कमी झाला असता, पण मग शिबिराची गरज काय?) सगळ्यांना हसऱ्या चेहऱ्याचे बिल्ले दिले. मग एका गोड आवाजाच्या बाईंनी डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला सांगितलं. दोन मिनिटांत अख्खी रांग घोरायला लागली. बाईंना वाटलं, काय गुण आला! शेवटी टाळ्या झाल्या, सगळे उठले, फक्त माझ्या वॉर्डची सिस्टर आभा उठेना. सलग तिसरी पाळी करून आली होती बिचारी. हलवून उठवलं तर रडायला लागली. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. "ठीक आछि, दीदी," म्हणाली, "मी ठीक आहे, फक्त हे थांबत नाहीये." आणि घड्याळ बघितलं, कारण दोन तासांनी तिची चौथी पाळी होती.

रजेचा अर्ज तिने तीनदा दिलेला. तिन्ही वेळा 'सोमवारी बघू'. सोमवार येऊन गेले. मग मी एक साधी गोष्ट केली. केसपेपर घेतला, तिचं नाव घातलं आणि तिला आमच्याच वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर दाखल केलं. निदान : थकवा. औषध : झोप. दाखल झालेल्या पेशंटला ड्यूटी लावता येत नाही आणि माझ्या सहीशिवाय घरीही सोडता येत नाही, हा नियम मी केलेला नाही. अडचण एकच आली. तिच्यावर लक्ष ठेवायला त्या पाळीला जी सिस्टर नेमलेली होती, ती आभाच. सवयीने उठून ती शेजारणीची सलाइन बदलायला गेली, तेव्हा मी पेपरवर लाल शाईने लिहिलं : इतरांच्या सलाइनकडे बघण्यास सक्त मनाई.

अधीक्षक श्यामसुंदरबाबू स्वतः खाली आले. "मॅडम, थकव्याला कॉम्प्युटरमध्ये कोड नाही."

"मग रकाना मोकळा सोडा."

"असे सगळेच थकले तर?"

"थकलेच आहेत. खाटा वाढवा."

(हे मी सगळ्या वॉर्डसमोर बोलले. सात नंबरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण चेहरे चांगले कळतात.) आता शनिवारपर्यंत आभाला डिस्चार्ज द्यायचा आणि चूक झाल्याचा लेखी खुलासा करायचा, नाहीतर माझी नोकरी जाणार. मी दोन्ही करणार नाही. तू पस्तीस वर्षं मेट्रन होतीस, 'आमच्या वेळी आम्ही चोवीस-चोवीस तास उभ्या असायचो' हे तू म्हणणारच. म्हण. मी ऐकून घेईन आणि तरीही करणार नाही.

तुझी,
वैदेही

ता. क. 'ठणठणीत'बद्दल थोडंसं. हे पत्र मी बारा नंबरच्या खाटेवरून लिहितेय. आज राउंडला एकच रिपोर्ट चार वेळा वाचला आणि एक अक्षर कळलं नाही. आभाने मनाई मोडली, उठून माझा हात धरला. आमच्या धाकट्या डॉ. ऋषभने माझा केसपेपर केला. निदानाच्या रकान्यात त्याने माझाच शब्द गिरवलाय : थकवा. आईला सांगू नकोस.

ता. क. २ मी दहा वर्षांची होते, त्या उन्हाळ्यात तू दोन महिने आमच्याकडे लोणची घालायला आली होतीस. आत्या, तुला लोणचं घालता येत नाही. एकही बरणी भरली नव्हती. तू मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता रडत पडलेली असायचीस आणि मी पाण्याचा तांब्या उंबऱ्यात ठेवून पळायचे. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. आता विचारते. ते थांबायला किती दिवस लागले होते? आभाला सांगायचंय. (मलाही.)