निळ्या लुगड्याची उल्हास

रवि., ६ एप्रिल
अनघा मिहूला घेऊन नाशिकचं घर सोडून इथे डोंबिवलीला आली, त्याला आज बारा दिवस. नात दिवसभर गॅलरीत. खाली मुलं खेळतात, ही बघते, उतरत नाही. "खाडीचा वास येतो. आमची गोदावरी अशी नाहीये." इथल्या शाळेचा फॉर्म पंधरा तारखेपर्यंत द्यायचाय. अनघाने पेन उचललं की ही कागदावर हात ठेवते. लेकीला म्हटलं, जबरदस्ती नको. पण किती दिवस...

बुध., ९
ट्रंकेतून आईचं निळं लुगडं काढलं. नऊ वार, उल्हास नदीला पुरेल. रविवारी गच्चीवर सोसायटीच्या मुलांना डोंगरापासून समुद्रापर्यंत नदी दाखवायची. कॉन्व्हेंटात सिस्टरनी आमच्याकडून थेम्स तोंडपाठ करून घेतलेली, घरामागच्या नदीबद्दल अवाक्षर नाही. लुगड्यावर खडूने प्रवाहाचे बाण काढले. मिहूने न सांगता दुसरं टोक धरलं.

रवि., १३
आठ मुलं. स्टुलावर राजमाचीचा डोंगर. खाली पालथ्या वाट्या: कर्जत, बदलापूर, कल्याण, डोंबिवली. ठाण्यावरून वळून वसईला समुद्र. छान चाललेलं. मग आमच्या मासेवालीची नात सानिका उठली.
"आजी, बाण चुकले."
"अगं, नदी समुद्राकडेच जाते."
"डोंबिवलीत नाय. भरतीला उलटी येते, पार कल्याणपर्यंत. बाबा त्याच पाण्यावर होडी नेतात. तुम्ही कधी बघितलंच नाय?"
पोरं हसली. चाळीस वर्षं खाडीकाठी राहते. नाही बघितलं.
मिहू मुलांमध्ये पहिल्यांदाच बोलली. "रोज परत येते?"
"दोनदा."
मिहूने डोंबिवलीपाशी खडू घेऊन उलटा बाण काढला. माझा पुसला नाही.

सोम., १४
सुट्टी. रस्ताभर निळ्या पताका. दुपारी भर उन्हात सानिका आम्हाला मोठागावच्या खाडीवर घेऊन गेली. जलपर्णीचे पुंजके खरंच कल्याणकडे निघालेले, सावकाश. मिहू सानिकामागून चिखलात उतरली, चप्पल रुतली, दोघी ओढत बसल्या. वासाचं नावही काढलं नाही. माझ्या आईला हे दाखवायला हवं होतं.

मंगळ., १५
सकाळी फॉर्म. मिहू शेजारी बसली, हात मांडीवर. पत्त्याच्या रकान्यापाशी अनघा थांबली.
"लिही," मिहू म्हणाली. "पण पेन्सिलने."
अनघाने माझ्याकडे बघितलं. मी पेन्सिल शोधायला उठले.