वडील ड्युटीवर आहेत

बाबा, तुला पत्र लिहायला बसले म्हणजे माझीही कमालच आहे. तुला सहीपुरतंसुद्धा अक्षर येत नव्हतं. 'मला कागद वाचता येत न्हाय, तोंड वाचता येतं,' असं फुशारकीनं सांगायचास. कामतघरच्या त्या कापडाच्या कारखान्यात सगळे लूम एकदम धडधडायला लागले की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचात. त्यात तुझे कान गेले, पण डोळे पक्के तयार झाले. घरीही आम्ही तुझ्याशी नुसते ओठ हलवून बोलायचो. आई तुझ्यावर चिडली की मुद्दाम चुलीकडे तोंड करायची आणि तुला पाठ दाखवून मनसोक्त बडबडायची. 'अगं, इकडं बघून शिव्या दे की, मला पन कळू दे!' तू म्हणायचास, आणि तिलाच हसू फुटायचं.

ती दुपार तुला आठवत असणारच. आणीबाणी नुकतीच उठली होती, माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. सरांनी आम्हा सहाजणांचा लेखनवर्ग चालवला होता आणि निरोप घेण्याआधी आपापलं लिहिलेलं गावासमोर वाचून दाखवायचं ठरलं होतं. मी तुझ्यावरच लिहिलं होतं. सकाळी तू शिफ्टला निघताना उंबऱ्यात थांबून म्हणालास, 'कागद तोंडासमोर नको धरूस हां. मला दिसलं पायजे.' मी म्हटलं, 'तू कशाला येतोस? तुला ड्युटी ना?' तर म्हणे, 'बघू.' मला वाटलं, नाहीच येणार. बरं वाटलं, हेही आज लिहून टाकते.

वाचनालयाचा हॉल भरलेला आहे. माझं नाव पुकारतात, मी उभी राहते, आणि तू दारात. लूमवर बदली माणूस ठेवून तसाच धावत आलेला. केसांत, भुवयांवर कापसाची रुई, बनियनवर तेलाचे डाग. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात विचारतोस, 'हितं बसू काय?' सगळा हॉल वळून बघतो आणि हसतो. माझ्या मैत्रिणीही हसतात. मी वाचायला लागते. माझ्या कागदावरचा बाप पांढराशुभ्र सदरा घालतो आणि रेडिओवरच्या निवेदकासारखं 'आहे' आणि 'नाही' म्हणतो. तुझं 'हाय-न्हाय' मी सरळ खोडून टाकलं होतं. तरी तू शेवटच्या बाकावरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघतोयस आणि डोळे पुसतोयस. कागद मात्र मी खालीच धरला होता, तेवढं तुझं ऐकलं.

टाळ्या थांबल्यावर सर उठून माझ्याजवळ आले. 'वडील आलेत का गं? त्यांना पुढे बोलवू या.' मी म्हणाले, 'नाही सर. वडील ड्युटीवर आहेत.' आवाज अगदी हळू केला, ऐकणाऱ्यांपासून लपवावा तसा. आईला स्वयंपाकघरात रोज सुचायचं ते मला सुचलं नाही. मी हॉलकडेच तोंड करून बोलले. वर बघितलं तर तू अजून माझ्या ओठांकडेच बघत होतास. मेले असते तर बरं झालं असतं.

तू चिडला असतास, चारचौघांत थोबाडीत दिली असतीस तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण तू शांतपणे पुढे आलास, सरांना हात जोडलेस आणि मला म्हणालास, 'लय बेस वाचलंस, पोरी. तुझ्या बापाला सांगन मी.' सर खूश होऊन म्हणाले, 'बघ, ओळखीची माणसंसुद्धा किती कौतुक करतात!' मी मान डोलावली. बाबा, मी नुसती मान डोलावली! तू दारापर्यंत गेलास, चपला शोधल्यास. मला पळत यायला चार पावलं होती.

तू त्यावर कधीच काही बोलला नाहीस, तुला जाळून आलो त्या दिवसापर्यंत. मी पुढे शिक्षिका झाले. मुलांना 'वडिलांविषयी लिहा' असं कधी सांगितलं नाही, दुसरे विषय देत राहिले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहील.

एकच सांगायचं उरलंय. त्या दिवशी घरी आल्यावर आईनं तुझ्यासमोर बसून विचारलं, 'पोरीचं वाचन ऐकायला गेलतास का?' मी दाराआड उभी होते. तू जेवता जेवता म्हणालास, 'न्हाय गं. ड्युटी होती.' आणि बाबा, तेव्हा मला हायसं वाटलं.