मागच्या ब्रेकचा आवाज

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून गाडीची नोंदवही. ज्याला गाडी कळते त्याने लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर सगळं आपल्याबरोबरच जातं. एकवीस वर्षं स्कूटर चालवतोय, त्यातली नऊ याच गाडीवर. अपघात शून्य. (पार्किंगच्या भिंतीला लागली होती ते धरत नाही. भिंत नवीन बांधलेली होती.)
संकल्प: रोज निघण्याआधी पाच मिनिटं तपासणी. हवा, ब्रेक, लाइट, ऑइल, आरसे.
आज उशीर झाला म्हणून फक्त आरसे पाहिले. दोन्ही आहेत.

६ जानेवारी
हिची बदली झाली. तेवीस वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतेय, आता नव्या शाखेत इन्चार्ज. बारा किलोमीटर. २ मार्चला रुजू व्हायचंय. ड्युटी सकाळी सातची आणि तिकडे जाणारी पहिली बस पोचते साडेसातला. जमत नसेल तर तसं कळवा, दुसरं माणूस तयार आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी आजच सांगून ठेवलंय.
म्हटलं, मी सोडत जाईन. ही म्हणाली, तीन दिवस सोडाल, चौथ्या दिवशी तुमची कंबर धरेल. मग म्हणाली, मीच गाडी शिकते.
लेकीने जेवता जेवता विचारलं, शिकवणार कोण. मी घसा साफ केला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घरात या गोष्टीचा आनंद आहे.

७ जानेवारी
चौदा वर्षांपूर्वी हिला एकदा शिकवायला घेतलं होतं. दहाव्या मिनिटाला हिने गाडी मैदानात सोडली आणि चालत घरी आली. मी ओरडत होतो असं तिचं म्हणणं. मी सूचना देत होतो. इंजिनच्या आवाजामुळे मोठ्याने द्याव्या लागतात.
तरी चूक कबूल: थेट प्रॅक्टिकलला हात घातला. या वेळी आधी थिअरी. वेळापत्रक तयार. येत्या सोमवारपासून पहिले तीन आठवडे थिअरी, चौथा देखभाल, पाचवा स्टँडवरची गाडी (बंद), सहावा स्टँडवरची गाडी (चालू), सातवा रस्ता. सातवा आठवडा १ मार्चला संपतो, २ला ही रुजू. एक दिवस वाया जात नाही.
फ्रिजवर लावलं. लेकीने त्यावर दूधवाल्याचा नंबर लिहिला.

१० जानेवारी, शनिवार
सेफ्टी गिअरची खरेदी. फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्हज, गुडघ्यांचे गार्ड. सगळं माझ्या मापाचं, कारण शिकवणाऱ्याने आदर्श घालून द्यावा लागतो. हिला माझं जुनं हेल्मेट देऊ केलं. हिने पट्टा ओढून पाहिला. बक्कल लागत नाही म्हणाली. म्हटलं, डोक्याला घट्ट बसतं, बक्कल कशाला. ही बरं म्हणाली आणि संध्याकाळी स्वतःचं लाल हेल्मेट घेऊन आली.
माझं नवीन हेल्मेट पिशवीसकट कपाटात ठेवलं. वापरलं की ओरखडे पडतात. तूर्त जुनंच.

१२ जानेवारी
तास पहिला: स्कूटरचा इतिहास. हिने भाजी निवडत ऐकलं. शेवटी शंका विचारल्या तर म्हणाली, स्पष्ट समजलं.

१३ जानेवारी
ही पहाटे चालायला जाऊ लागली. बरोबर खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड नर्सबाई. पावणेसहा ते पावणेसात. पायात बूट, अंगात जाड जॅकेट, हातात मोठी पिशवी. पिशवीत काय, विचारलं. टोपी, म्हणाली. थंडी आहेच.
नर्सबाई या वयातही स्कूटर चालवतात. तीस वर्षं रात्रपाळ्या करून स्वतःच्या गाडीने आल्या-गेल्या म्हणे. पाहिलंय मी त्यांना. वळणावर फार हळू होतात. आत्मविश्वास कमी.

१९ जानेवारी
ऑफिसात सुरक्षा समितीची मीटिंग. पुढच्या महिन्याच्या सुरक्षा सप्ताहाचा संयोजक मी. एकमताने. बाकीचे चहा घ्यायला गेले होते.

२४ जानेवारी
हिच्या नडगीवर हा एवढा काळानिळा डाग. चालताना लागलं म्हणते. चालण्यातही तंत्र असतं, समजावून सांगितलं. लेक फिस्सकन हसली आणि आत निघून गेली.

१ फेब्रुवारी, रविवार
हिची लेखी परीक्षा घेतली. दहा प्रश्न. दहाही बरोबर. शिवाय चौकात आधी कोणाला जाऊ द्यायचं या प्रश्नाचं माझं उत्तरच चुकलंय म्हणाली. लर्निंग लायसन्सच्या पुस्तकात पान नंबर दाखवला. जुनी आवृत्ती असणार. पुस्तक घरात कुठून आलं ते विचारायचं राहिलं.
एकंदरीत माझ्या थिअरीचा पाया पक्का बसलाय.

४ फेब्रुवारी
मागचा ब्रेक किंचाळतो. आज सिग्नलला थांबलो तर पुढच्या माणसाने बाजू दिली.
मेकॅनिककडे गेलो. त्याने विचारलं, सर्व्हिसिंग कधी केलं होतं. म्हटलं, नुकतंच. त्याने वही उघडून तारीख वाचली. मधे दोन पावसाळे गेलेत. चाकाकडे वाकला, ब्रेकचा दांडा ओढला, म्हणाला, चाक धरणारे लायनर झिजून संपलेत, आजच ठेवून जा, अशी चालवू नका. या लोकांना घाबरवायची सवयच असते. म्हटलं, बघतो. तो म्हणाला, तुम्ही मागच्या खेपेलाही बघतोच म्हणाला होतात.

८ फेब्रुवारी, रविवार
देखभालीचा आठवडा लांबला होता, आज बसलो. हिला बाजूला उभं केलं आणि स्पार्क प्लग काढून दाखवला. साफ केला. परत बसवताना कुठेतरी आटे चुकले. गाडी सुरू होईना. ही म्हणाली, उलटा फिरवून पुन्हा हाताने बसवा, मग पान्याने आवळा. योगायोगाने तसं केल्यावर सुरू झाली. तुला कसं कळलं, विचारलं. म्हणाली, सुचलं.
एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे देतात.

१५ फेब्रुवारी
वेळापत्रकाप्रमाणे आजवर ही स्टँडवरच्या बंद गाडीवर बसायला हवी होती. म्हणते, वेळ नाही. अशाने २ मार्च कसा गाठणार? मोठ्या डॉक्टरांना काय कळवणार? मलाच हिची काळजी. ही मजेत. स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

१७ फेब्रुवारी
ही म्हणाली, शुक्रवारी मला आपली गाडी लागेल. म्हटलं, तुला? म्हणाली, काम आहे. बहुधा कोणाला तरी द्यायची असेल. म्हणाली, त्याआधी ब्रेकचं तेवढं करून घ्या, मेकॅनिकला फोन केलाय मी, उद्या नेऊन द्या. हो म्हटलं.
पण विचार केला. दार किरकिरलं की आपण काय करतो? बिजागरीला तेल घालतो. सुतार बोलावत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६
काम फत्ते. मागच्या चाकाच्या ड्रमला जी फट असते तिच्यातून बारीक नळीने तेलाचा स्प्रे मारला. अर्धा डबा. चाक हाताने फिरवून दांडा ओढला. किंचाळणं पूर्ण बंद. चाक काय सुरेख फिरतं.
चालवून पाहायची होती, पण हात तेलकट होते म्हणून आंघोळीला गेलो.
हिने विचारलं, ब्रेक झाला का. म्हटलं, झाला. कोणी केला ते हिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मोठेपणा मिरवायचा स्वभाव नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. डाव्या हाताने
कालचं लिहायचं राहिलं. उजवं मनगट मोडलंय.
सकाळी वाटेत पुढच्या ब्रेकवरच भागलं, पण ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगला उतार आहे. उतरताना मागचा ब्रेक दाबला. आवाज नाही. वेगही कमी नाही. घाईत पुढचा कचकन दाबला, गाडी आडवी झाली, मी घसरत जाऊन सुरक्षा सप्ताहाच्या बॅनरमध्ये. बॅनर मीच आदल्या दिवशी लावून घेतला होता. बांबूसकट अंगावर आला. हेल्मेट डोक्यावरून निघालं आणि गाडीच्याही पुढे घरंगळत जाऊन वॉचमनच्या खुर्चीपाशी थांबलं. हेल्मेटला काही झालं नाही. कपाळाला तीन टाके.
वॉचमनने घरी फोन केला. मी म्हणत होतो रिक्षा बोलवा. एवढ्यात उतारावरून एक स्कूटर आली, वळणावर फार हळू झाली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. लाल हेल्मेट. म्हटलं, कोण बाई. ही होती. गाडी नर्सबाईंची.
मी विचारलं, तू ही चालवत आणलीस? म्हणाली, मागे बसा, हात छातीशी धरा, हलू नका.
दवाखान्यापर्यंत सूचना देत होतो. तिने एकही ऐकली नाही. पोचलो.
एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसल्यावर हिने विचारलं, ब्रेकला काय केलंत. सांगितलं. शेजारी बसलेला पेशंट हसला. ही हसली नाही.  मग म्हणाली, उद्या लायसन्सच्या टेस्टला मी आपलीच गाडी नेणार होते. तिकडे जाताना नव्या शाखेच्या वाटेवरचा पुलाचा मोठा उतार आहे.
एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
टेस्ट आज झाली. नर्सबाईंच्या गाडीवर. पास.
म्हणजे एका अर्थी पाहिलं तर मी आधी पडलो म्हणूनच
(वाक्य खोडलंय. डाव्या हाताने नीट खोडताही येत नाही.)

२२ फेब्रुवारी, रविवार
लेकीकडून सगळं कळलं. पाच आठवडे. रोज पहाटे, मंडईमागच्या मोकळ्या जागेत. ही सहा वेळा पडली. सहाही वेळा नर्सबाई लांब उभ्या राहून म्हणायच्या, लागलं का, नाही ना, मग उचला गाडी. बाकी काही शिकवलं नाही म्हणे.
हिला विचारलं, मला का नाही सांगितलंस. कपडे वाळत घालत होती. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही आला असता.
यावर विचार चालू आहे.

२३ फेब्रुवारी
विचार झाला. फ्रिजवरचं वेळापत्रक दुरुस्त केलं: विद्यार्थिनी दहा दिवस आधी उत्तीर्ण. थिअरी कुठे झाली हे विसरून चालणार नाही. नर्सबाईंनी फक्त रस्त्याचा भाग पाहिला.
ऑफिसात सुरक्षा सप्ताहाचं माझं भाषण झालं. विषय जाहीर करायच्या आधीच टाळ्या. प्लास्टरमुळे विषयाला उठाव आला असं साहेब म्हणाले.

२७ फेब्रुवारी
टाके काढायला जायचं होतं. ही म्हणाली, चला, सोडते. आपली गाडी मेकॅनिककडून आली आहे, ब्रेकचे लायनर नवे, उरलेला स्क्रू कुठला होता तेही त्याने शोधलं. खाली आलो. मी जुनं हेल्मेट घातलेलं पाहून ही वर गेली, कपाटातलं नवीन घेऊन आली, पिशवी कात्रीने कापली आणि माझ्या डोक्यावर बसवलं. एका हाताने मला बक्कल लावता येईना. हिने लावलं. दोनदा ओढून पाहिलं. हनुवटीखाली हिची बोटं गार होती.
म्हटलं, ओरखडे पडतील. म्हणाली, पडू देत.

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१५
ही रुजू व्हायला निघाली. मीही खाली गेलो, पाच मिनिटांची तपासणी सांगायला. मी सुरू करायच्या आत हिने टायर दाबला, दोन्ही ब्रेक ओढले, इंडिकेटर लावून पाहिले, ऑइल पाहिलं. आरसे शेवटी, स्वतःच्या उंचीप्रमाणे. ते मी सांगणारच होतो.
नर्सबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी हात केला. हिने मान हलवली. मला वाटलं मला हलवली, म्हणून मीही हात केला. डावा.
वळण फार हळू घेतलं. बरोबर आहे ते.
६.४८ला फोन: पोचले. मी विचारलं, पुलाच्या उतारावर कशी वाटली गाडी. म्हणाली, थांबली की, जिथे थांबवायची तिथे. मागे कोणीतरी मॅडम म्हणून हाक मारत होतं. ठेवते म्हणाली.

६ मार्च
आज बसने ऑफिस. उभ्याने. ड्रायव्हरचं ब्रेकिंग सदोष.

९ मार्च
संकल्प: प्लास्टर निघालं की आरशांची उंची पुन्हा माझ्याप्रमाणे करायची. तसं हिला सुचवलं. म्हणाली, कशाला, रोज कोण चालवणार आहे? खरंच विचारत होती. उत्तर तयार करतोय.

१४ मार्च, शनिवार
घरी होतो. मेकॅनिकचा फोन. बाई आहेत का. म्हटलं, आंघोळीला गेल्यात, मी बोलतोय, काय असेल ते मला सांगा. तो म्हणाला, नाही, त्यांच्याशीच बोललो असतो, एअर फिल्टरचं विचारायचं होतं. म्हटलं, एअर फिल्टरचं मला विचारा, एकवीस वर्षं गाडी चालवतोय. तो म्हणाला, हो साहेब, माहीत आहे. मग म्हणाला, त्यांना एवढाच निरोप द्या, सोमवारी गाडी आणा म्हणावं, आणि तुम्ही कृपा करून तोवर कशाला हात लावू नका.
निरोप दिला. पहिला अर्धा.